येळवशीची चौदा पानं: एका शाळेनं एआय चित्रं पहिल्यांदा वापरली त्याची हकीकत

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यात उदगीरच्या बाजूला एक लहान गाव आहे. चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षक. त्यातल्या मॅडमनी तिसरी-चौथीच्या मुलांकडून येळवशीवर एक पुस्तक लिहून घेतलं आणि त्याची चित्रं एआयकडून काढून घ्यायचं ठरवलं. त्याआधी त्यांनी एआयनं एकही चित्र काढलेलं नव्हतं. मी त्याच केंद्रातल्या दुसऱ्या शाळेवर आहे. संगणकाचं थोडंफार जमतं म्हणून केंद्रातली मंडळी मला फोन करतात, तसा मॅडमचाही आला. जानेवारी ते मार्च २०२५ असे तीन महिने मी या कामात होतो. मुलांचा विषय आहे, म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. काही खुणाही बदलल्या आहेत.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिव भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी अडचण याच तपशिलांत आहे. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि रान भरतं. शेतात कडब्याच्या पेंढ्या गोल उभ्या करून, वर शेंडे एकत्र बांधून कोप करतात. कोपीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. घरातला कर्ता माणूस आंबिलाचं बिंदगं, म्हणजे घागरीसारखं भांडं, डोक्यावर घेऊन रानात येतो. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. जोडीला भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. ओल्या शेंगांचे दाणे, पालेभाज्या आणि बेसन यांची ती दाटसर भाजी. पूजा झाली की रानात आंबील शिंपडतात आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीला बसवतात. दिवस मावळताना हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, पेटवून फिरवतात.

३० डिसेंबर २०२४ ला येळवस झाली. शाळेत परतलेल्या मुलांकडं सांगण्यासारखं खूप होतं. मॅडमनी त्यांना प्रमाण भाषेत लिहायला लावलं नाही, बोलतात तसं लिहू दिलं. चौदा तुकडे निवडले. चौदा पानं, प्रत्येक पानाला एक चित्र, ए-५ आकार, पन्नास प्रती, खर्च गावाच्या वर्गणीतून, असा बेत ठरला. चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते आणि शाळेला कलाशिक्षक नाही. मुलांची चित्रं घ्यावीत हा विचार मॅडमच्या मनात पहिल्याच दिवशी आला होता. पण "पुस्तक पुस्तकासारखं दिसावं" म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला. या एका वाक्यानं पुढचे पाच आठवडे घेतले.

अडचण

पहिल्या संध्याकाळी मॅडमनी फोनवर एक मोफत ॲप उतरवून घेतलं आणि मुलांचे तुकडे जसेच्या तसे त्यात टाकले. मिनिटभरात चित्र, तेही चकचकीत. रात्री अकरापर्यंत आठ चित्रं झाली. दुसऱ्या दिवशी ती वर्गातल्या टीव्हीवर दाखवली.

मुलं आधी खूश झाली. मग चौथीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, ही येळवस न्हाई. ही सहल हाय."

ती बरोबर होती. कोपीच्या जागी कापडी तंबू होता आणि समोर शेकोटी. ज्वारीच्या रानात मका उभा होता. बायांच्या अंगावर राजस्थानी थाटाचे घागरे आणि लग्नातले दागिने, डोक्यावर पदर कुणाच्याच नाही. आंबिलाच्या जागी काचेच्या पेल्यात दूध आणि वर पुदिन्याचं पान. भज्जीच्या जागी तळलेल्या भज्यांचं ताट. मागं बांधलेली गाय काळी-पांढरी होती खरी, पण तिला वशिंडच नव्हतं. देवणी गाईच्या मुलखातल्या मुलांना ते दाखवावं लागलं नाही. एका पोरानं ती "डेअरीची गाय" आहे हे लांबूनच ओळखलं.

मॅडमचा पहिला अंदाज असा होता की आपल्याला नीट सांगता आलं नाही. त्यांनी त्याच वाक्यांत आणखी शब्द भरले: पारंपरिक, मराठवाडी, अस्सल, ग्रामीण. चित्रं आणखी सुंदर झाली आणि येळवशीपासून आणखी लांब गेली. तेव्हा त्यांनी मला फोन केला.

असं का होतं

मी त्यांना जे सांगितलं ते इथं थोडक्यात देतो. हे कळल्याशिवाय पुढचे निर्णय कळायचे नाहीत.

ही बहुतेक मॉडेलं, म्हणजे चित्रं काढणारे एआय प्रोग्रॅम, सुरुवात करतात ती नुसत्या मुंग्यांपासून. जुन्या टीव्हीला ॲन्टेना नसला की पडद्यावर दिसायच्या तशा. मग वीस-तीस पायऱ्यांत ती खळबळ थोडी थोडी साफ करत जातात आणि प्रत्येक पायरीला आपल्या मजकुराकडं बघत कोणता आकार वर आणायचा ते ठरवतात. कोणत्या शब्दाला कोणता आकार, हे ज्ञान येतं शिकवणीच्या वेळी पाहिलेल्या चित्रांतून आणि त्यांच्यासोबतच्या मजकुरातून. ऑगस्ट २०२२ मध्ये स्टेबल डिफ्यूजन नावाचं असं एक मॉडेल सर्वांसाठी खुलं झालं. त्याची सुरुवातीची मॉडेलं लायन-५बी या संग्रहातल्या भागांवर शिकली. त्या संग्रहात इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५८५ कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या, आणि शिकवणीत मुख्य वाटा इंग्रजी मजकुराच्या जोड्यांचा होता.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, जे जास्त वेळा दिसलं तिकडं मॉडेल झुकतं. "भारतीय बाई" म्हटलं की पर्यटनाच्या जाहिराती आणि लग्नाचे अल्बम वर येतात, कारण मजकूर लावलेले फोटो त्यांचेच जास्त. "काळी-पांढरी गाय" म्हटलं की होल्स्टीन, म्हणजे ती बिनवशिंडाची परदेशी दुभती गाय येते. दुसरी गोष्ट, ज्या गोष्टीचे फोटो नेटवर नाहीत किंवा असले तरी मजकुराशिवाय पडले आहेत, तिचं नाव मॉडेलसाठी अर्थहीन असतं. "येळवस" हा शब्द त्याला कितीही वेळा सांगितला तरी त्याच्या मागं काहीच नाही.

मराठीत लिहिल्यानं आणखी एक घोटाळा होतो. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या मॉडेलांत मजकूर वाचायचं काम क्लिप नावाचा भाग करतो. तो एका वेळी ७७ टोकनच, म्हणजे शब्दांचे तेवढेच तुकडे, वाचतो. देवनागरी अक्षरांचे तो फार बारीक तुकडे करतो, त्यामुळं आपलं एक साधं वाक्यही त्या मापात मावत नाही, आणि मावलेलं त्याला समजत नाही. गप्पा मारणारी फोनवरची साधनं मराठी समजतात, कारण मधे बसलेलं भाषेचं मॉडेल आपलं वाक्य इंग्रजीत सविस्तर मांडून पुढं देतं. पण त्या मांडणीत ते स्वतःची भर घालतं. पुदिन्याचं पान बहुधा तिथूनच आलं.

हे ऐकून मॅडमनी एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता. "म्हणजे सर, ज्याला कोप माहीतच नाही, त्याला कोप हा शब्द न वापरता कोप सांगायची?"

समोरचे पर्याय

आम्ही चार वाटा कागदावर मांडल्या.

पहिली वाट फोनवरचंच ॲप चालू ठेवून वर्णन सुधारण्याची. खर्च शून्य, मॅडमना एकटीला जमण्यासारखी. तोटा असा की त्या ॲपात एखादं चित्र नव्वद टक्के जमलं तरी उरलेल्या दहा टक्क्यांसाठी पुन्हा विचारलं की सगळंच नवं यायचं.

दुसरी वाट मुलांचे आणि येळवशीचे खरे फोटो ॲपवर चढवून त्यांना चित्राचं रूप देण्याची. पालकांच्या मोबाईलमध्ये फोटो भरपूर होते, आणि ही वाट सगळ्यात सोपी होती. ती आम्ही सोडली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असं आहे. पण कायद्याचं नंतर. मॅडमचं कारण साधं होतं: आपल्या पोरीचा चेहरा कुठल्या कंपनीकडं गेला, हे पालकांनी विचारलं तर आपल्याकडं उत्तर नाही. म्हणून मोफत ॲपवर एकाही मुलाचा फोटो चढवायचा नाही, हे त्याच दिवशी ठरलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

तिसरी वाट संगणकावर स्टेबल डिफ्यूजन बसवण्याची. मॅडमच्या भाच्याकडं ४ जीबी ग्राफिक कार्डाचा जुना लॅपटॉप होता. मॉडेल आपल्याच यंत्रावर चालतं, काहीही बाहेर जात नाही, हवं तितक्या वेळा प्रयत्न करता येतो, आणि हातानं काढलेलं कच्चं चित्र देऊन त्यावरून पुढं काढायला सांगता येतं. तोटा म्हणजे शिकायला वेळ लागणार.

चौथी वाट एआय सोडून मुलांचीच चित्रं छापण्याची. शाळेतले दुसरे शिक्षक, म्हणजे मुख्याध्यापक सर, याच्या विरुद्ध होते. वर्गणी देणाऱ्यांना काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मॅडमही तेव्हा त्यांच्याच बाजूच्या होत्या.

तिसरी वाट धरली. ती निवडताना मी जरा उतावीळ होतो, हे आता दिसतं. मला स्वतःला ते करून बघायचं होतं.

काय केलं

मॉडेलची फाइल सुमारे ४ जीबीची. गावात मोबाईलच्या रोजच्या डेटात ती बसेना, म्हणून लॅपटॉप उदगीरला नेऊन उतरवून घेतली. फाइल घेताना एक काळजी घेतली, ती नवख्यानं घ्यावीच: जुन्या सीकेपीटी प्रकारच्या फाइलमध्ये कुणी घातकी प्रोग्रॅम लपवू शकतो, म्हणून सेफटेन्सर्स प्रकारचीच फाइल घ्यायची, आणि तीही ओळखीच्या ठिकाणावरून.

पहिल्या दिवशी नुसता काळा चौकोन येत होता. मॅडमना वाटलं आपलंच काही चुकलं. चूक त्यांची नव्हती. काही जुन्या कार्डांवर अर्ध्या अचूकतेचं, म्हणजे आकडे निम्म्या जागेत बसवून केलेलं गणित बिघडतं. पूर्ण अचूकतेवर चालवलं की चित्र येतं, फक्त हळू येतं. आमच्याकडं एका चित्राला दोन मिनिटांच्या आसपास लागायची. वीज गेली की बॅटरीवर ते आणखी मंद. हा वेळ त्रासाचा होता, पण त्याचा एक फायदा झाला. फोनवर मॅडम विचार न करता बटण दाबत होत्या. इथं प्रत्येक बटणाआधी काय बदलायचं ते ठरवून लिहावं लागलं.

मी त्यांना सुरुवातीला तीनच गोष्टी दाखवल्या. पहिली सीड. सुरुवातीची खळबळ ज्या आकड्यावरून तयार होते तो हा आकडा. तो पक्का ठेवला की तेच शब्द तेच चित्र पुन्हा देतात, म्हणजे एक शब्द बदलून त्याचा परिणाम बघता येतो. नवखा माणूस हे करत नाही. तो प्रत्येक वेळी नवं चित्र मागतो आणि सुधारणा शब्दानं झाली की योगायोगानं, हे त्याला कधीच कळत नाही. दुसरी गोष्ट नकाराची वेगळी चौकट. मुख्य मजकुरात "मका नको" लिहिलं की मका येतो, कारण वाचणाऱ्या भागाला "नको" नीट कळत नाही, "मका" कळतो. नको असलेलं वेगळ्या चौकटीत लिहायचं. तिसरी, मजकुराला किती घट्ट धरायचं याचा आकडा. तो सातच्या आसपास ठेवून विसरून जायचं.

मग नावाऐवजी रूप सांगायचा अभ्यास सुरू झाला. हे काम मॅडमनी मुलांवर सोपवलं, आणि ते फार चांगलं झालं. फळ्यावर "ज्वारी" लिहून त्यांनी विचारलं: ज्यानं ज्वारी कधी बघितली नाही त्याला सांगा, पण ज्वारी म्हणायचं नाही. मुलांनी सांगितलं ते असं: माणसापेक्षा उंच धाट, लांब वाकलेली पानं, टोकाला एकच गच्च कणीस, त्यात मोत्यासारखे गोल पांढरे दाणे, आणि कणसाला टरफल नाही. शेवटचा तपशील एका मुलीचा. मका आणि ज्वारी यांतला फरक तिनं नेमका पकडला होता. मॅडमनी ते इंग्रजीत उतरवलं, मक्याचं नाव नकाराच्या चौकटीत टाकलं, आणि पाचव्या प्रयत्नाला रान बऱ्यापैकी ज्वारीचं दिसू लागलं. गाईचंही तसंच. काळी-पांढरी म्हणणं सोडलं. पांढरं अंग, काळं तोंड, पाठीवर वशिंड, खाली लोंबणारे कान असं सांगितलं. देवणीतल्या वानेरा गाईचं रूप तेच. तरी शिंगं दर वेळी वेगळी यायची.

कोप मात्र शब्दांनी जमली नाही. "वाळलेल्या धाटांचा शंकूसारखा आडोसा, एक बाजू उघडी" म्हटलं की आफ्रिकेतली झोपडी यायची, नाहीतर अमेरिकेतल्या आदिवासींचा तंबू. मॅडमनी चौदा दिवस यात घातले. मीही रोज संध्याकाळी फोनवरून नवीन शब्द सुचवत होतो.

ते थांबलं एका आजींमुळं. चौथीतल्या एका मुलाची आजी शाळेत पोषण आहाराच्या कामाला येते. तिनं पडद्यावरची तिसावी की चाळिसावी कोप बघितली, मॅडमच्या हातातला खडू घेतला आणि फरशीवर चार रेघांत कोप काढून दाखवली. पेंढ्या सरळ नसतात, जरा आत झुकलेल्या असतात. वरची गाठ एका बाजूला असते. तोंड रुंद असतं, कारण आत बसून पूजा करायची असते. आणि वरून शाल पांघरलेली असते. तिच्या मते आमच्या चाळीसही कोपी "उघड्या" होत्या.

मॅडमनी त्या खडूच्या चित्राचा फोटो काढला. तोच फोटो आम्ही मॉडेलला आराखडा म्हणून दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली कंट्रोलनेट नावाची जोड यासाठीच आहे: रेघोट्यांचं चित्र द्या, मॉडेल त्या रेघा धरून बाकीचं भरतं. दुसऱ्या प्रयत्नाला कोप आली. बिनचूक नव्हती, पण वर्गात कुणी "ही काय हाय?" असं विचारलं नाही.

त्या दिवसापासून कामाचा क्रमच उलटला. आधी मुलांनी कागदावर काढायचं, त्याचा फोटो घ्यायचा, मग मॉडेलनं रंग, उजेड आणि मागचं रान भरायचं. कच्च्या चित्राला किती मोकळं सोडायचं, याचा एक आकडा असतो. शून्याला मूळ चित्र तसंच राहतं, एकला मॉडेल ते जवळजवळ विसरतं. आम्ही ०.६५ वर काम करत होतो, कारण तिथं चित्र सगळ्यात "छान" दिसायचं.

सगळ्यात अवघड वळण

तिसरीतल्या एका मुलानं त्याच्या आजोबांचं चित्र काढलं होतं. डोक्यावर आंबिलाचं बिंदगं. बिंदगं आजोबांच्या धडाएवढं मोठं आणि आजोबांचे पाय अगदी बारीक. मॉडेलनं ते "दुरुस्त" केलं. बिंदगं लहान झालं, आजोबा धिप्पाड झाले, त्यांना पिळदार मिशा आल्या. मॅडमनी त्याला पडद्यावर दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे माझं चित्र न्हाई." मग थोड्या वेळानं: "बिंदगं लै जड असतंय मॅडम."

मॅडमनी मला त्या संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. मुलानं बिंदग्याचं वजन काढलं होतं. ते यंत्राला दिसणं शक्यच नव्हतं, पण आम्हालाही दिसलं नव्हतं, आणि आम्ही ते पुसून टाकलं होतं.

इथं आम्ही थांबून सगळी चौदा पानं पुन्हा बघितली. प्रत्येक पानासाठी एकच प्रश्न धरला: या चित्रातली कोणती गोष्ट मुलानं मुद्दाम तशी काढली आहे? ती ज्या पानावर सापडली तिथं आकडा ०.३५ वर आणला, म्हणजे रेघ मुलाची राहील आणि मॉडेल फक्त रंग भरेल. काही पानांवर तेवढंही नको वाटलं. आजोबांचं चित्र मूळ पेन्सिलीचं, कशाचाही हात न लावता छापायचं ठरलं. मुख्याध्यापक सरांना मॅडमनी मुलाचं बोलणं सांगितलं. सरांनी वाद घातला नाही; मुखपृष्ठ तरी रंगीत ठेवा, एवढंच म्हणाले. ते ठेवलं.

आणखी एका पानाचा निर्णय इथंच झाला. एका मुलीनं लिहिलं होतं की तिच्या आज्जीचं माहेर किल्लारीकडचं, आणि भूकंपाच्या वर्षी तिथं येळवशीला कोप कुणी केली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा तो भूकंप. मॉडेलला सांगितलं असतं तर पडलेली घरं आणि रडणारी माणसं त्यानं दोन मिनिटांत काढून दिली असती. ती माणसं कधीच नव्हती, आणि जी होती त्यांची नातवंडं हे पुस्तक हातात घेणार होती. मॅडमनी त्या पानावर चित्रच ठेवलं नाही. तीन ओळींचा मजकूर आणि बाकी पान कोरं. मी या निर्णयाशी पूर्ण सहमत होतो आणि आजही आहे.

बाकीच्या अडचणी लवकर सुटल्या. गोष्टीतली मुलगी दर पानावर वेगळ्या चेहऱ्याची यायची. एकच चेहरा टिकवण्यासाठी मॉडेलला वेगळं शिकवण्याची सोय असते, पण ४ जीबीच्या कार्डावर ते झेपणारं नव्हतं. मग तिला पिवळा फ्रॉक, दोन वेण्या आणि लाल रिबिनी दिल्या आणि बहुतेक ठिकाणी पाठमोरी ठेवली. मुलांनी तिला प्रत्येक पानावर ओळखलं. चित्रात मराठी अक्षरं मॉडेल वेडीवाकडी काढतं, जोडाक्षरं तर मोडूनच, म्हणून चित्रात एकही अक्षर ठेवलं नाही; सगळा मजकूर डीटीपीवाल्यानं वरून टाकला. छपाईचं गणित मात्र आम्हाला उशिरा कळलं. मॉडेल ५१२ बाय ७६८ ठिपक्यांचं चित्र देत होतं. छापताना इंचाला ३०० ठिपके धरले तर ५१२ ठिपके जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरच भरतात, आणि ए-५ पान पावणेपंधरा सेंटिमीटर रुंद. रिअल-ईएसआरगॅन या चित्र मोठं करणाऱ्या साधनानं चौपट केलं तेव्हा काम भागलं. पण त्यानं मुलांच्या पेन्सिलीच्या रेघा गुळगुळीत केल्या, म्हणून मूळ चित्रं त्यातून न काढता सरळ स्कॅन केली.

निष्पत्ती

मार्चअखेर पुस्तक छापून आलं. चौदा पानांपैकी आठ पानांवर मुलांच्या आणि आजीच्या आराखड्यांवरून मॉडेलनं भरलेली चित्रं, पाच पानांवर मुलांची मूळ चित्रं, एक पान कोरं. हेंडग्याचं पान मॉडेलकडून काढून घ्यायचं होतं, पण पोरांच्या हातात जाळ म्हटलं की दर वेळी आग लागल्यासारखंच दृश्य यायचं, म्हणून तेही मुलांच्या चित्रात गेलं. शेवटच्या पानावर मॅडमनी लिहिलं की कोणती चित्रं संगणकाच्या मदतीनं केली आणि त्यांचे आराखडे कुणाचे. आठही चित्रांखाली आराखडा काढणाऱ्याचं नाव आहे. कोपीच्या चित्राखाली आजीचं.

गावात पुस्तक हातोहात गेलं. लोकांनी सगळ्यात जास्त वेळ कोणत्या पानावर थांबून बघितलं, हे मला मोजता आलेलं नाही. मॅडमच्या सांगण्यावरून, बायांनी कोपीचं पान दाखवून चुका काढल्या, गाठ अजून खाली हवी होती म्हणाल्या. आजोबांच्या पानावर त्या मुलाचे आजोबा स्वतः हसले आणि म्हणाले की वजन बरोबर काढलंय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक माझी. मॅडमनी मदत मागितली तेव्हा मी साधन बदललं. विचारायला हवं होतं की मुलांनी काही काढलंय का. आराखड्यापासून सुरुवात केली असती तर कोपीवर गेलेले चौदा दिवस वाचले असते.

दुसरी, नोंदी. पहिले दोन आठवडे आम्ही सीड, मजकूर आणि आकडे लिहून ठेवले नाहीत. ज्वारीचं एक अतिशय चांगलं चित्र त्यामुळं पुन्हा कधी काढता आलं नाही. शंभर पानी वही पुरते, पण ती पहिल्या दिवसापासून हवी.

तिसरी, वेळ. येळवस वर्षातून एकदा येते, आणि आम्ही ती होऊन गेल्यावर जागे झालो. कोपीचे, बिंदग्याचे, पंगतीचे नीट उजेडातले, माणसांचे चेहरे नसलेले फोटो आमच्याकडं नव्हते. पालकांकडून आलेल्या फोटोंत सगळीकडं माणसं होती, म्हणून ते वापरता आले नाहीत.

साधनं तेव्हापासून बदलली आहेत. मार्च २०२५ च्या शेवटी आणि मग ऑगस्टमध्ये, बोलत बोलत आहे त्या चित्रात बदल करणारी नवी साधनं आली. आज मॅडमना लॅपटॉपची गरज बहुधा पडली नसती. मी त्यातल्या एकाला आमचा जुना मजकूर देऊन बघितला. ज्वारी पहिल्याच झटक्यात आली, गाईला वशिंड आलं. कोपीला मात्र अजून शाल नव्हती.

डिसेंबर २०२५ च्या येळवशीला मॅडम मोबाईल घेऊन तीन रानांत फिरल्या. कोप चारी बाजूंनी, गाठ जवळून, पांडव, उंड्यांचं ताट, झाकलेलं बिंदगं. एकाही फोटोत चेहरा नाही. मुलांना जेवणाआधी कोपीसमोर बसवून काढायला लावलं. आता चौथीत असलेल्या त्या मुलानं या वेळी बिंदगं आणखी मोठं काढलं आहे. आजोबा त्याच्याखाली जेमतेम मावलेत.